सुतळीने बांधलेली कळ

तामोत्सु इजिची कुठल्याही कागदावर सही करत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पार्सलवाला आला की सही त्यांची बायको तोमिए करते. निवृत्तीच्या वेळी पोस्टातल्या सहकाऱ्यांनी शुभेच्छांचा मोठा कागद फिरवला होता. त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि ज्यांच्यासाठी तो काढला त्यांनी तो अजून पूर्ण वाचलेला नाही, कारण त्यातल्या दोन सह्या एकाच माणसाने केल्याचा त्यांना संशय आहे.

ज्वालामुखीची राख आज कोणत्या बाजूला उडणार, हे रेडिओ रोज सकाळी सांगतो. इजिची ते लक्ष देऊन ऐकतात, मग अंगणात जाऊन ओलं बोट वर धरतात आणि त्यानंतरच तोमिएला कपडे वाळत घालायची परवानगी मिळते.

"विश्वास नाही तर ऐकता कशाला?" तोमिए विचारते.

"आज काय खोटं सांगतायत ते कळायला नको?"

इजिची एकाहत्तर वर्षांचे आहेत. युद्धाच्या आधी आणि नंतर, मिळून तीस वर्षं ते याच गावच्या पोस्टात तारमास्तर होते. मधली दोन वर्षं नौदलात गेली, तीही घरापासून सायकलने अर्ध्या तासावर. गावाबाहेर आता जिथे रताळ्याची शेतं आहेत, तिथे नौदलाचा विमानतळ होता. ओकिनावाची लढाई सुरू झाली तेव्हा तिथून विमानं सकाळी उडायची आणि परत यायची नाहीत. परत यायचंच नाही, हाच हुकूम होता. त्या विमानांचा शेवटचा आवाज ऐकून वहीत लिहिणं हे इजिचींचं काम होतं.

यंदा चाळीस वर्षं झाली म्हणून गावाने तिथे स्मारक उभारायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष फुकुदोमे. हे पूर्वी उपनगराध्यक्ष होते आणि अजून तसेच चालतात. ते टंकलिखित कागद घेऊन इजिचींकडे तीनदा आले. कागदावर लिहिलं होतं: १६ एप्रिल १९४५ रोजी लेफ्टनंट तेइजी काकिमोतो, वय एकवीस, यांनी शत्रूचं विमानवाहू जहाज धडक देऊन बुडवलं. ही वार्ता मी स्वतः बिनतारी यंत्रावर ऐकली. खाली सहीची जागा मोकळी होती. तळावरच्या वायरलेसच्या खोलीतले बाकीचे तारमास्तर वारले होते.

"इजिचीसान, एक सही," फुकुदोमे म्हणाले. "दगड कोरणारा खोळंबलाय. तोक्योहून वहीच्या पानाची प्रत मागवलीय मी. हे बघा, 'आदळलं' असं लिहिलंय. तुमचंच अक्षर ना?"

"अक्षर माझंच आहे."

"मग अडचण कुठे?"

"तीच अडचण आहे. दुसऱ्याचं असतं तर कदाचित विश्वास ठेवला असता."

फुकुदोमे तिसऱ्यांदा परत गेले. त्यानंतरच्या आठवड्यात, मे महिन्यातल्या एका सकाळी, एक बाई दारात आल्या. छत्रीवर राख साचली होती. त्यांनी ती उंबऱ्याबाहेर नीट झटकली, आणि मगच नाव सांगितलं: मासुए. माहेरचं आडनाव काकिमोतो. तेइजी त्यांचा थोरला भाऊ. ओइताच्या डोंगरातून, आदल्या दिवशीच्या गाडीने त्या आल्या होत्या.

इजिचींनी त्यांना आत घेतलं नाही.

"फुकुदोमेने पाठवलंय?"

"त्यांनी पत्र पाठवलं होतं. दगडावरचा पडदा मी ओढायचा आहे म्हणे. पण मी इथे आलेय हे त्यांना माहीत नाही."

"काकिमोतोची बहीण तुम्हीच कशावरून?"

मासुएबाईंनी पिशवीतून कुटुंबनोंदीचा उतारा काढला. त्या तो घेऊनच निघाल्या होत्या. इजिचींनी चष्मा लावून तो वाचला, शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. तो परत घेताना मासुएबाई म्हणाल्या, "आणि ते वायरलेसवाले इजिची तुम्हीच कशावरून?"

इजिची आत जाऊन निवृत्तीवेतनाचं पुस्तक घेऊन आले.

"बसा हो बाई," तोमिए आतून म्हणाली. "तुमचं दोघांचं जमेल."

चहा आला, मुळ्याचं लोणचं आलं. मासुएबाईंनी कशालाही हात लावला नाही.

"मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ पळून गेला का?"

इजिचींना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. चाळीस वर्षांत त्यांना जे भेटले, त्या सगळ्यांनी विचारलं होतं, आदळला का, कशावर आदळला, बुडालं का.

"असं का वाटतं तुम्हाला?"

"आधी तुम्ही सांगा. मग मी सांगते."

"मी सांगितलेलं खरं की खोटं, ते कसं ओळखणार?"

"माझ्याकडे ताडून बघायला काहीतरी आहे," मासुएबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांनी मांडीवर ओढून घेतली.

ही गोष्ट इजिचींना पटली. ताडून बघायला जवळ काही असल्याशिवाय माणसाने बोलूच नये, असं त्यांचं मत आहे.

वायरलेसची खोली जमिनीखाली होती. भिंती ओल्या असायच्या. विमानातल्या मुलांना हुकूम होता की जहाज दिसलं की त्याची खूण पाठवायची, आणि मग झेप घेताना तारेची कळ दाबून धरायची. म्हणजे इकडे कानात एकच लांब सूर ऐकू यायचा. तो तुटला की विमान संपलं. इजिची घड्याळ लावून सेकंद मोजायचे. वहीत चार रकाने होते: विमान, वेळ, सेकंद, निकाल. सूर दहा सेकंदांच्या आत तुटला तर निकाल 'पोहोचलं नाही', कारण वाटेत तोफांनी पाडलं असणार. त्याहून लांबला तर 'आदळलं'. हा नियम वरच्या अधिकाऱ्यांनी घालून दिला होता. कॅप्टन मिझुहारा रोज संध्याकाळी वही न्यायचे, आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बुडालेल्या जहाजांची यादी यायची.

"सोळा एप्रिलला सकाळी नऊच्या सुमाराला तुमच्या भावाची खूण आली," इजिची म्हणाले. "विमानवाहू जहाज दिसलं. लगेच लांब सूर. अठ्ठेचाळीस सेकंद. इतका लांब सूर मी तोवर ऐकला नव्हता. खोलीतले सगळे उभे राहिले. मी लिहिलं, आदळलं."

"म्हणजे त्या दिवशीच गेला."

"नाही. त्या दिवशी तो रताळी खात होता."

मासुएबाईंचा पिशवीवरचा हात घट्ट झाला.

दोन आठवड्यांनी एका मासेमारी होडीतून तेइजी काकिमोतो तळावर परत आला. दाढी वाढलेली, पायात कोळ्याच्या चपला. इजिचींना त्याचा चेहरा माहीत नव्हता. त्यांनी फक्त त्याच्या हाताचा सूर ऐकला होता. कळ दाबण्याची प्रत्येकाची एक ढब असते आणि तारमास्तर माणसाला त्यावरून ओळखतो. खरा-खोटा ठरवायला त्याला वायरलेसच्या खोलीत आणून कळीवर बसवलं. त्याने चार अक्षरं वाजवली. तोच होता.

घडलं होतं ते असं. इंजिनातून तेल उडून पुढची काच काळी झाली होती. त्यातून त्याला समुद्रात लांबट, सपाट काहीतरी दिसलं, कडेला पांढरा फेस होता. त्याने विमानवाहू जहाजाची खूण पाठवली आणि झेप घेतली. ढगाखाली आल्यावर कळलं की तो खडक आहे. एक ओसाड, सपाट बेट, आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. त्याने विमान वर ओढलं तेव्हा इंजिन बंद पडलं. शेजारच्या मोठ्या बेटाजवळ ते पाण्यात उतरलं. कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं आणि रताळी खाऊ घातली.

"मग सूर?" मासुएबाईंनी विचारलं. "कळ दाबून धरली होती ना? खडक दिसल्यावर हात काढला असेल."

"मीही हेच विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, 'मास्तर, झेप घेताना विमान दोन्ही हातांनी धरावं लागतं. कळ दाबायला तिसरा हात कुठून आणू? आम्ही सगळे ती सुतळीने बांधतो.'"

इजिची त्या दिवशी वही उघडून बसले. तोवर त्यांनी त्रेसष्ट सूर मोजले होते आणि चाळिसांपुढे 'आदळलं' लिहिलं होतं. कळ सुतळीने बांधलेली असेल तर सेकंदांवरून एवढंच कळतं की सुतळी कधी बांधली आणि विमान कधी संपलं. लवकर बांधली तर सूर लांब. मग ते जहाजावर आदळो, समुद्रात पडो, की खडक चुकवून कोळ्यांच्या जाळ्यात जावो. आणि अगदी शेवटच्या क्षणी, जहाजाच्या डोक्यावर येऊन ज्याने बांधली, त्याचा सूर पाच सेकंदांत तुटला असेल. त्याच्यापुढे त्यांनी 'पोहोचलं नाही' लिहिलं होतं.

जमिनीवरच्या अधिकाऱ्यांपैकी कुणालाही सुतळीची गोष्ट माहीत नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होती ते सांगायला परत येत नव्हते.

इजिची मिझुहारांकडे गेले.

"साहेब, सोळा तारखेची नोंद चुकली आहे. काकिमोतो जिवंत आहे."

"काकिमोतो मेलेला आहे," मिझुहारा म्हणाले. "त्याला मरणोत्तर दोन बढत्या मिळाल्या आहेत. घरी कळवलं आहे. पेपरात आलं आहे."

"साहेब, तो बाहेर उभा आहे."

"तुझ्या वहीत काय आहे?"

"आदळलं, असं आहे."

"मग? वही तूच लिहिलीस ना? की तेव्हा खोटं लिहिलं होतंस?"

खरं लिहिलं होतं म्हणावं तर काकिमोतो तोतया ठरत होता. खोटं म्हणावं तर चाळीस जहाजांवरची चाळीस विमानं हातातून निघून जात होती, आणि अशी गोष्ट बोलणाऱ्याला त्या दिवसांत फितूर म्हणत. मिझुहारांनी विचारलं, "हे सुतळीचं तुला कोणी शिकवलं? त्याने? आणखी कोणाशी बोललास?" त्या दिवसापासून वायरलेसच्या खोलीत एक जादा माणूस बसायला लागला. तो काहीच करत नसे, फक्त ऐकत असे.

काकिमोतोला निराळ्या बराकीत ठेवलं. बाहेर पहारा. पत्र लिहायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. पुढच्या तुकडीबरोबर त्याला पुन्हा पाठवायचं ठरलं. मिझुहारा त्याला म्हणाले होते, "या वेळी वहीशी जुळवून घे."

"किती दिवस होता तिथे?" मासुएबाईंनी विचारलं.

"तीन आठवडे. पंचवीस मेपर्यंत."

त्यांनी पिशवी उघडली. मेणकागदात गुंडाळलेलं एक पोस्टकार्ड काढलं, पण इजिचींच्या हाती दिलं नाही. आपल्याच हातात धरून त्यांच्यासमोर केलं.

कार्डावर तारीख पाच मे होती. मजकूर थोडाच होता. आई, मासुए, मी बरा आहे. रताळी फार खाल्ली. माझी सायकल मासुएने वापरायला हरकत नाही, पण उतारावर निघण्याआधी ब्रेक तपासावा.

"मेल्याची तार एप्रिलअखेर आली होती," मासुएबाई म्हणाल्या. "गावाने दारावर पाटी लावली, वीराचं घर म्हणून. शाळेतली मुलं जाता-येता वाकून नमस्कार करायची. आणि दहा मेला हे कार्ड. आईने वाचलं आणि तांदळाच्या पेटीत खाली घातलं. कुणाला दाखवणार? लढाई संपली तेव्हा वाटलं, आता येईल. आला नाही. आई म्हणायची, लाजतोय, म्हणून येत नाही. अडुसष्ट साली गेली, तोवर हेच म्हणत होती. मी... मी तर त्याच्यावर रागावले होते. अजूनही राग आहे."

"नुसत्या तारखेवरून? तारीख कुणीही चुकीची घालतो."

"तारखेवरून नाही. शिक्क्यावरून. शेजारच्या घरची पत्रं यायची फौजेतून. त्यांवर फौजेच्या टपालाचा शिक्का असायचा, तपासणाऱ्याचा लाल शिक्का असायचा, गावाचं नाव कधीच नसायचं. यावर बघा. साधा पोस्टाचा शिक्का. तुमच्या गावाचं नाव. फौजेतला माणूस गावच्या पेटीत कार्ड टाकेल का? मी तेव्हाच म्हटलं, हा पळालाय आणि नाव बदलून या गावात राहतोय. तीनदा आले मी इथे. बाजारात उभी राहून त्याच्या वयाच्या माणसांची तोंडं बघितली. एकावन्न साली तुमच्या पोस्टाच्या खिडकीपर्यंत गेले होते विचारायला, पण धीर झाला नाही. तिकिटं घेतली आणि परत आले."

"एकावन्न साली मी मागच्या खोलीत असायचो," इजिची म्हणाले. "तारेवर."

मग ते वाकून कार्डावरचा शिक्का बघत राहिले. तोमिएने पुढे होऊन त्यांच्या पेल्यात चहा ओतला, तो त्यांनी घेतला नाही.

"शिक्क्यातला 'मे' तिरपा आहे बघा," ते शेवटी म्हणाले. "तो ठसा झिजला होता. मी लागलो तेव्हापासून झिजलेलाच होता. ते कार्ड मी टाकलं."

"तुम्ही?"

"पहाऱ्यावरच्या माणसाने ते गुपचूप माझ्या हाती दिलं. पोस्टात मी लढाईआधीपासून नोकरीला होतो. फौजेच्या टपालात टाकलं असतं तर पहिल्याच टेबलावर अडकलं असतं. मेलेल्या माणसाचं कार्ड. सायकलवरून गावात आलो, माझ्या जुन्या टेबलावर गेलो, स्वतः शिक्का मारला आणि थैलीत टाकलं. वाटलं, घरी पोहोचेल, कुणी बघणार नाही. त्या शिक्क्याने तुम्हाला काय वाटेल, हे डोक्यात आलं नाही. तारमास्तर होतो मी. शिक्का कोण वाचतो, असं वाटलं."

"चाळीस वर्षं," मासुएबाई म्हणाल्या.

"हो."

"अहो, पण निदान लढाई संपल्यावर तरी कळवायचं होतं," तोमिए मध्येच बोलली. तिलाही हे आजच कळत होतं.

"काय कळवू? माझ्या वहीवर माझा विश्वास उरला नव्हता. चुकीचं कळवण्यापेक्षा..."

मासुएबाईंनी कार्ड परत गुंडाळलं नाही. ते चहाच्या पेल्यांमध्ये तसंच राहिलं.

"मग पंचवीस मेला काय झालं?"

"निघण्याच्या आदल्या दिवशी मला पहाऱ्यावरच्या माणसाकडून त्याचा निरोप आला. या वेळी सुतळी बांधणार नाही. विमान एका हाताने सांभाळीन, बोट कळीवर ठेवीन. मधेच मला काही लागलं तर बोट एकदा उचलून पुन्हा ठेवीन. सूर सलग आला तर समजा, शेवटपर्यंत मी होतो." इजिचींनी चष्मा काढून ठेवला. "नऊ बेचाळीसला त्याचा सूर आला. त्याची ढब मला पाठ होती. सलग होता. सात सेकंद."

"म्हणजे आदळला."

"मिझुहारांनी लिहिलं, पोहोचलं नाही. दहाच्या आत तुटला ना. निकालाचा रकाना मी भरायचं सोडलं होतं, तेच भरायचे. म्हणजे सरकारी हिशेबाने तुमच्या भावाने रताळी खाल्ली त्या दिवशी जहाज बुडवलं, आणि मेला त्या दिवशी काहीच केलं नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

इजिची उठले आणि कपाटातून एक छोटी वही घेऊन आले. तळावरच्या वह्या ऑगस्टमध्ये जाळल्या गेल्या. एप्रिलची एक वाचली, तिच्याच पानाची प्रत फुकुदोमेंना मिळाली. ही त्यांची स्वतःची, खिशातली. शेजारी अमेरिकनांच्या जहाजांच्या नुकसानीच्या याद्या होत्या, दहा-बारा वर्षं लागली त्या मिळवायला. त्यांची घड्याळं आणि इथली घड्याळं एकच वेळ दाखवत होती का, हे त्यांनी सगळ्यात आधी तपासलं होतं. दाखवत होती.

एप्रिलच्या त्या चाळीस 'आदळलं'पैकी जेमतेम पाचांच्या वेळेला कुठल्या ना कुठल्या जहाजाला इजा झाल्याची नोंद होती, तीही बहुतेक छोट्या जहाजांना. मोठी विमानवाहू जहाजं जखमी झाली होती, काही फार वाईट, माणसं शेकड्यांनी मेली होती. पण ओकिनावाच्या त्या सगळ्या लढाईत बुडालं त्यातलं एकही नाही.

"पंचवीस मे," मासुएबाई म्हणाल्या.

"नऊ चव्वेचाळीस. एका विनाशिकेवर एक विमान आदळलं. माझा सूर नऊ बेचाळीसचा."

"दोनच मिनिटं!"

"दोन मिनिटांत विमान दहा किलोमीटर जातं, बाई. त्या सकाळी त्याच भागात आणखी विमानं होती. तो असेल. दुसरा कुणी असेल. सलग सुराचं म्हणाल तर गोळी डोक्यात लागली तर बोट उचलायला वेळ मिळत नाही. आदळला असं मी म्हणणार नाही. नाही आदळला असंही म्हणणार नाही."

"मग तुम्हाला खात्रीने माहीत आहे तरी काय?"

"पंचवीस मेला, नऊ बेचाळीसला, तो विमानात होता आणि त्याचं बोट कळीवर होतं. तो पळाला नव्हता."

मासुएबाईंनी मान हलवली. पहिल्यांदाच लोणच्याची एक फोड उचलली.

दुपारी फुकुदोमेंना बोलावलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली.

"एप्रिल काढायचा, जहाज काढायचं. मग दगडावर राहिलं काय?"

"नाव, वय, तारीख," मासुएबाई म्हणाल्या.

"ताई, लोक काय वाचतील? शेजारच्या दगडांवर जहाजं आहेत."

"त्यांचं त्यांना. नाहीतर नाव गाळा. खोट्या तारखेवरचा पडदा मी ओढणार नाही."

"तारखेलाही पुरावा लागेल. सरकारी कागदावर सोळा एप्रिल आहे. लेखी साक्ष कोण देणार?"

तोमिएने टेबलावरची पेल्यांची तबकडी उचलून जागा केली. इजिचींनी कोरा कागद घेतला आणि स्वतः लिहिलं: पंचवीस मे, नऊ वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद, हाताने दिलेला सूर, मी ऐकला. पोस्टकार्डावरचा शिक्का मी मारला. मजकूर तीनदा वाचला आणि खाली सही केली. तोमिए दारातून बघत होती.

फुकुदोमे कागद घडी करू लागले तेव्हा इजिची म्हणाले, "प्रत करून आणून द्या मला."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

मासुएबाईंची गाडी चारला होती. निघताना त्यांनी तोमिएला विचारलं, इथे उदबत्ती कुठे मिळेल, तळाच्या जागेवरून जाऊन यावं म्हणते. तोमिएने वळणावरचं दुकान सांगितलं.

"त्याच्याकडची सर्दावलेली असते," इजिची मागून म्हणाले. "घेण्याआधी एक पेटवून बघा."

मासुएबाईंनी छत्री उघडली, वर एकदा पाहिलं, राख पडत नव्हती तरी ती मिटली नाही, आणि दुकानाच्या दिशेने गेल्या.